आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या विद्यार्थी-गटात सामील होताना: नावनोंदणीच्या वहीपासून पदभार सोपवण्यापर्यंत

विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू झालं की विद्यार्थी-मंडळांची टेबलं मांडली जातात. त्यांतल्या एका टेबलावर जगाचा नकाशा पसरलेला असतो आणि कडेला देशांच्या नावांच्या पाट्या उभ्या असतात. आपण वहीत नाव आणि ईमेल लिहितो, दोन मिनिटं बोलतो, पुढच्या टेबलाकडे जातो. बहुतेकांचं सदस्यत्व तिथेच थांबतं. पहिल्या वर्षी माझंही तसंच झालं. दुसऱ्या वर्षी एका बैठकीला इतिवृत्त लिहायला कोणीच नव्हतं, म्हणून ते काम मी घेतलं. सगळ्यांचं बोलणं कागदावर उतरवताना लक्षात आलं, की एरवी मी फक्त माझ्या मताला जुळणारी वाक्यं ऐकत होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जगाची माहिती हवी असेल तर ग्रंथालय पुरेसं आहे. अशा गटात जावं ते दोन गोष्टींसाठी: आपल्याला न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडायला शिकण्यासाठी, आणि वेगवेगळ्या स्वभावाच्या दहा जणांबरोबर एखादं काम तडीस नेण्यासाठी. पुढच्या सगळ्या सूचना या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत.

आधी गटाची जात ओळखा

नावावरून काही कळत नाही. 'इंटरनॅशनल रिलेशन्स सोसायटी' या एकाच नावाखाली एका विद्यापीठात दर आठवड्याला व्याख्यानं होतात, दुसरीकडे वर्षभर फक्त मॉडेल यूएनची तयारी चालते, तर तिसरीकडे नियतकालिक निघतं. मॉडेल यूएन, म्हणजे सगळे म्हणतात ते 'एमयूएन', यात प्रत्येक विद्यार्थी एका देशाचा प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या समितीची नक्कल उभी करतो. ही प्रथा संयुक्त राष्ट्रांहूनही जुनी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतले विद्यार्थी राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेच्या, बैठका अशाच भरवत होते. हार्वर्डची शालेय विद्यार्थ्यांसाठीची परिषद १९५३पासून आणि हेगमधली 'थिमुन' ही परिषद १९६८पासून चालू आहे.

याशिवाय आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मूट कोर्टचे, म्हणजे काल्पनिक खटल्यात युक्तिवाद करणारे, संघ असतात. जेसप ही त्यांतली सर्वांत नावाजलेली स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तिथे मुख्यतः कायद्याचे विद्यार्थी लागतात, आणि एकेका वादपत्रावर महिनोन्‌महिने काम चालतं. काही गट धोरणांवर टिपणं लिहितात, काही निर्वासितांसाठी भाषावर्ग चालवतात.

तुम्हाला बोलायला आवडतं की लिहायला, की माणसं जमवायला, हे स्वतःला विचारा आणि मग टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीला किंवा मुलाला थेट विचारा, "गेल्या वर्षी तुम्ही नेमकं काय काय केलं?" उत्तरात तीन-चार ठोस कार्यक्रम आले तर गट जिवंत आहे. सगळी वाक्यं 'आम्ही यंदा करणार आहोत' अशीच आली, तर गट नव्याने उभा राहतोय असं समजा. तेही वाईट नाही. अशा ठिकाणी नवख्याला काम लवकर मिळतं.

आणि विद्यापीठात असा गटच नसेल तर? पाच-सहा जण जमवा, एक वार आणि एक वेळ ठरवा, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची दोन कलमं आणि त्या आठवड्यातला एक प्रश्न घेऊन बसा. नोंदणी, मार्गदर्शक प्राध्यापक, बँक खातं हे सगळं सहा बैठका सलग झाल्यावर बघा. कागदपत्रांपासून सुरुवात केलेले बरेच गट कागदपत्रांतच अडकतात.

पहिल्या बैठकीआधीचा आठवडा

सगळं जग समजून घ्यायचा प्रयत्न करू नका. दोनच गोष्टी करा.

पहिली, संयुक्त राष्ट्रांची सनद हातात घ्या. ती १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सही झाली, त्यात १११ कलमं आहेत, आणि तुम्हाला सुरुवातीला त्यांतली सातच लागतील. कलम १ आणि २ उद्दिष्टं आणि तत्त्वं सांगतात. कलम २मध्येच एकीकडे दुसऱ्या देशावर बळाचा वापर न करण्याचं बंधन आहे, आणि दुसरीकडे देशाच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी ढवळाढवळ न करण्याचं. गटातल्या निम्म्या चर्चा या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी घडतात. कलम १८ आमसभेतल्या मतदानाबद्दल, २३ सुरक्षा परिषदेच्या रचनेबद्दल, २५ तिच्या निर्णयांच्या बंधनकारकतेबद्दल, २७ तिथल्या मतदानाबद्दल, आणि ५१ स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल. दीड तासात वाचून होतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सदस्यांपैकीही सनद प्रत्यक्ष उघडून पाहिलेले थोडेच भेटतील.

दुसरी, चालू प्रश्नांपैकी एकच निवडा आणि तो आठवडाभर धरून ठेवा. त्यात गुंतलेले दोन देश एकाच घटनेबद्दल काय म्हणतात, ते त्यांच्या परराष्ट्र खात्यांच्या अधिकृत निवेदनांतून शेजारी-शेजारी लिहून काढा. दोघांनी कोणते शब्द वापरले आणि कोणते टाळले, एवढंच पाहा. एकाची 'कारवाई' दुसऱ्याच्या निवेदनात 'आक्रमण' झालेली दिसेल. हा सराव मी अजूनही करते.

पहिली बैठक

दहा मिनिटं आधी पोहोचा. खुर्च्या लावायला हात लावला की निम्मी ओळख तिथेच होते, आणि बैठक सुरू होताना तुम्ही अनोळखी राहत नाही.

बैठकीत बोललंच पाहिजे असं काही नाही. पण नुसतं ऐकू नका, काही गोष्टी मुद्दाम बघा. जुनी तीनच मंडळी बोलताहेत की अध्यक्ष मागच्या रांगेतल्यांनाही विचारताहेत? कोणी चुकीची माहिती सांगितली तर दुरुस्ती कशी होते, शांतपणे की अपमान करून? आणि शेवटी 'कोण, काय, कधीपर्यंत' असं नावानिशी ठरतं का? नावं न ठरता बैठक संपत असेल, तर पुढच्या बैठकीत तीच चर्चा पुन्हा होणार हे नक्की.

काही प्रश्न सरळ विचारावेत. वर्गणीचा हिशेब सदस्यांना दिसतो का? परिषदेला कोणी जायचं आणि कोणाला कोणता देश मिळायचा, हे कोण आणि कशावरून ठरवतं? पदाधिकारी निवडणुकीतून येतात की नेमले जातात? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या गटात सदस्य हाच मालक असतो, आणि नीट चालणाऱ्या गटाला अशा प्रश्नांचा आनंदच होतो.

बैठकीची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर एक तयारी घरून करून जा. 'मला या मुद्द्यावर अधिक माहिती हवी आहे', 'मी सहमत आहे, पण एक अट जोडते', 'हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थाने वापरता?' अशी पंधरा-वीस वाक्यं त्या भाषेत पाठ करा. चर्चेच्या ओघात शिरायला पहिले चार शब्द लागतात, पुढचं आपोआप सुचतं. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत आणि तिथले कितीतरी राजदूत परक्या भाषेत सावकाश, पण अचूक बोलतात. गतीपेक्षा अचूकता महत्त्वाची, हे त्यांच्या भाषणांच्या चित्रफिती पाहिल्यावर पटतं.

अर्ज आणि मुलाखत

काही गटांत नाव लिहिलं की झालं. काही ठिकाणी, विशेषतः परिषदेला जाणाऱ्या संघासाठी, अर्ज आणि छोटी मुलाखत असते. अर्जात 'मला लहानपणापासून जगाची आवड आहे' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. एक प्रश्न नाव घेऊन लिहा, त्याबद्दल तुमचं मत पूर्वी काय होतं आणि कशामुळे बदललं ते तीन वाक्यांत सांगा. निवडणाऱ्यांच्या बाजूला मी तीन वर्षं बसले आहे. मत बदलल्याचं मोकळेपणाने सांगणारा अर्ज आम्ही हमखास बाजूला काढून ठेवायचो.

मुलाखतीत बहुधा अचानक एक देश देतात आणि एका मिनिटात त्याची बाजू मांडायला सांगतात. देशाची माहिती नसेल तर तसं म्हणा, आणि मग तर्काने चला: समुद्रकिनारा आहे का, शेजारी मोठे आहेत की छोटे, तेल विकतो की विकत घेतो, कोणत्या गटात बसतो. परीक्षकांना तुमची स्मरणशक्ती बघायची नसते. विचाराची पायवाट बघायची असते.

निवड झाली नाही तर 'संघासोबत सरावाला बसू का?' असं विचारा. सरावाला विरोधी बाजू मांडणारं कोणीतरी हवंच असतं, आणि त्या खुर्चीत बसणारा पुढच्या निवडीत फार पुढे असतो.

एक काम आपलं करा

तिसऱ्या बैठकीपर्यंत एखादं लहान काम मागून घ्या. इतिवृत्त, नावांच्या पाट्या, सभागृहाचं आरक्षण, वाचनयादी, काहीही. ते वेळेत आणि न आठवण करता पूर्ण करा. हे दिसायला किरकोळ असलं तरी गटातली पत यावरच बसते. उत्तम वक्ते पुष्कळ येतात. सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे हे माहीत असलेला माणूस मात्र एखादाच असतो.

पहिली परिषद: देश आपलासा करणं

इथे थोडं थांबून सांगते, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त धांदल इथेच उडते.

परिषदेच्या काही आठवडे आधी तुम्हाला समिती, विषय आणि देश कळतो. मोठा देश मिळाला नाही म्हणून हिरमुसू नका. १९६७च्या नोव्हेंबरात माल्टाचे राजदूत आर्व्हिड पार्डो आमसभेच्या पहिल्या समितीत समुद्राच्या तळाबद्दल बोलायला उभे राहिले. माल्टा स्वतंत्र होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. कोणत्याही देशाच्या हद्दीत न येणारा समुद्रतळ हा सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, असं त्यांनी मांडलं. तो विचार पुढे १९८२च्या समुद्री कायद्याच्या करारात उतरला. छोट्या बेटांच्या राष्ट्रांनी १९९० साली आपली आघाडी केली आणि तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची मागणी लावून धरली, म्हणून ती २०१५च्या पॅरिस करारात दिसते. छोट्या देशाकडे सैन्य नसतं, पण एका विषयाचा सखोल अभ्यास आणि चिकाटी असू शकते. नवख्या प्रतिनिधीकडेही याच दोन गोष्टी असतात.

मग पाहा, तुमची समिती काय करू शकते. नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे आमसभेच्या समितीत बसून कोणावर तरी निर्बंध लादायचे किंवा सैन्य पाठवायचं. आमसभेचे ठराव देशांसाठी शिफारशी असतात. सर्व सदस्यांना बांधणारे निर्णय सुरक्षा परिषद घेते. मानवाधिकार परिषदेचे ४७ सदस्य असतात आणि ती चौकशी नेमू शकते, पण कोणाला शिक्षा देऊ शकत नाही. आपल्या हातात कोणती साधनं आहेत, हे एका कागदावर लिहून टेबलावर ठेवा.

आता देशाचा अभ्यास. क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी विश्वकोशातलं पान उघडतात आणि लोकसंख्या, राजधानी, चलन लिहून काढतात. त्यांतलं काहीच समितीत कामाला येत नाही. आधी देश स्वतः काय बोलला ते वाचा. दर सप्टेंबरात आमसभेत सर्वसाधारण चर्चा होते आणि बहुतेक सगळ्या देशांचे नेते किंवा मंत्री तिथे बोलतात. गेल्या तीन वर्षांची आपल्या देशाची भाषणं वाचली की त्याचे जिव्हाळ्याचे विषय कळतात. मग त्याने मत कसं दिलं ते पाहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मतदानानंतर दिलेलं स्पष्टीकरण वाचा.

याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला देत आले आहे. १७ मार्च २०११ला सुरक्षा परिषदेत लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणासाठी बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव क्रमांक १९७३ मताला आला. दहा मतं बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि पाच देश तटस्थ राहिले: ब्राझील, चीन, जर्मनी, भारत आणि रशिया. तक्त्यात पाचही एकाच रकान्यात दिसतात. पण स्पष्टीकरणं वाचली तर जर्मनी दीर्घकाळ चालणाऱ्या लष्करी संघर्षात ओढलं जाण्याचा आणि मोठ्या जीवितहानीचा धोका मांडत होती, तर प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहितीच फारशी हाती नाही, असं भारताचं म्हणणं होतं. तटस्थ मत एकच, कारणं निराळी. पुढच्या ठरावात यांपैकी कोणाला आपल्या बाजूला आणायचं असेल, तर त्याच्या कारणाला उत्तर द्यावं लागेल. समितीतली वाटाघाट म्हणजे हेच काम.

त्यानंतर देश कोणाच्या पंगतीत बसतो ते बघा. जी-७७ हा विकसनशील देशांचा गट १९६४ साली ७७ देशांनी काढला, आज त्यात १३०हून जास्त आहेत. अलिप्ततावादी चळवळ, युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, बेटांची आघाडी. एकच देश दोन-तीन ठिकाणी असतो, आणि ती बंधनं कधी कधी एकमेकांना छेद देतात. तसा छेद सापडला की वहीत ठळक लिहा, चर्चेतले सगळ्यात चांगले मुद्दे तिथून निघतात.

पोझिशन पेपर, म्हणजे देशाची भूमिका सांगणारं टिपण, बहुधा पानभराचं मागतात. त्यात तीन गोष्टी पुरतात: हा प्रश्न माझ्या देशाला कसा भिडतो, आजवर आम्ही काय म्हटलं आणि केलं, आता आम्हाला नेमकं काय हवं आहे. याखेरीज एक दुसरं पान फक्त स्वतःसाठी लिहा. काय काही केल्या सोडायचं नाही, काय सोडता येईल, आणि कोणत्या चार देशांशी पहिल्या तासात बोलायचं. माझ्या अनुभवात या दुसऱ्या पानाचा उपयोग पहिल्याहून जास्त होतो.

देशाचं धोरण तुम्हाला मनापासून चुकीचं वाटत असेल तर? हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी पाणावलेल्या डोळ्यांनी विचारतं. त्या देशातल्या समंजस माणसाला ते धोरण का पटत असेल, याचं सगळ्यात भक्कम उत्तर शोधा. भीती कसली आहे, इतिहासातली जखम कोणती, जनतेला काय वचन दिलंय. हे शोधल्यावर तुमचं मत बदलेलच असं नाही, माझं बऱ्याचदा बदललं नाही. पण विरोध करताना मी कशाला विरोध करते आहे हे कळलं. मात्र द्वेषाचं किंवा नरसंहाराचं समर्थन तोंडातून काढायची वेळ येईल असं वाटलं, तर ती भूमिका नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आयोजकांना आधीच सांगा.

भाषणाला पहिल्या फेरीत साधारण एक ते दीड मिनिट मिळतं. कागदावर दीडशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. पहिल्या वाक्यात मागणी, मग दोन कारणं, शेवटी कोणाशी मिळून काम करायला तयार आहात ते. अनेक परिषदांत 'मी' म्हणायची मुभा नसते, देशाच्या नावाने बोलावं लागतं, त्यामुळे घरीच तसा सराव करा.

नियमांची पुस्तिका जाण्याआधी वाचाच, कारण पद्धती वेगळ्या असतात. थिमुनच्या पद्धतीत मसुदा घरून लिहून आणणं अपेक्षित असतं. अमेरिकी पद्धतीच्या बऱ्याच परिषदांत तोच प्रकार नियमबाह्य ठरतो. बाकी साचा सारखाच: स्पीकर्स लिस्टनुसार भाषणं, मग एका उपविषयावरची मॉडरेटेड कॉकस, आणि खुर्च्या सोडून मोकळेपणाने बोलायची अनमॉडरेटेड कॉकस. खरे ठराव या शेवटच्या भागात घडतात. तिथे सगळ्यात मोठ्या आवाजाच्या घोळक्यात शिरू नका. कडेला एकटे उभे असलेल्या तीन-चार देशांकडे जा आणि विचारा, "या मसुद्यात तुमच्यासाठी काय राहून गेलंय?" मतं अशीच जमतात.

मसुद्याचे दोन भाग असतात. प्रस्तावनेत पार्श्वभूमी येते, आणि पुढच्या क्रमांकित कलमांत काय करायचं ते. प्रत्येक कलम क्रियापदाने सुरू होतं आणि सगळं वजन त्या क्रियापदात असतं. 'आवाहन करते', 'आग्रह धरते' आणि 'निर्णय घेते' यांत फार अंतर आहे. शब्द किती जड असतात हे बघायचं असेल तर नोव्हेंबर १९६७चा सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ वाचा. त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्य मागे घेण्याबद्दल त्यात एक ओळ आहे. इंग्रजी मजकुरात 'टेरिटरीज' या शब्दाआधी 'द' हे उपपद नाही. फ्रेंच मजकूर मात्र 'ते प्रदेश' असा वाचता येतो. सगळे प्रदेश की त्यांतले काही, हा वाद त्या एका उपपदावरून आजतागायत चालू आहे. त्यामुळे रात्री अकरा वाजता कोणी म्हणालं, 'शब्द काय, नंतर बघू', तर तुम्ही मात्र तेव्हाच बघा.

मतांचा हिशेबही पाठ असू द्या. सुरक्षा परिषदेत १५ सदस्य, त्यांतले पाच कायम. महत्त्वाच्या ठरावाला नऊ मतं लागतात आणि पाचांपैकी एकाचाही विरोध चालत नाही. तटस्थ राहणं हा नकाराधिकार समजला जात नाही, गैरहजेरीही नाही. १९५०च्या जूनमध्ये चीनच्या जागेवर कोणत्या सरकारने बसायचं या प्रश्नावरून सोव्हिएत संघाने परिषदेवर बहिष्कार टाकला होता, म्हणूनच कोरियाबद्दलचे ठराव संमत होऊ शकले.

क्रायसिस कमिटी नावाचा एक वेगवान प्रकार असतो. त्यात १९६२च्या क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगासारख्या घटना तासातासाने उलगडतात आणि दर थोड्या वेळाने नवी बातमी येऊन पडते. फार रंगतदार असतो, पण पहिल्या परिषदेसाठी नको. आधी साधी समिती करा.

परत आल्यावर त्याच रात्री अर्धं पान लिहा: कोणता मुद्दा टिकला, कोणता कोसळला, कोणी काय विचारलं जे मला येत नव्हतं. बक्षीस मिळालं की नाही, हे त्या पानावर नसलं तरी चालेल. बक्षिसांचे निकष परिषदेगणिक बदलतात.

वक्ते बोलावताना

राजदूत, पत्रकार, मदतकार्यातले लोक विद्यार्थ्यांच्या निमंत्रणाला वाटतं त्याहून जास्त वेळा होकार देतात. पत्र छोटं ठेवा: श्रोते कोण, किती, विषय काय, किती वेळ, प्रश्नोत्तरं असणार का. आणि बोलणं कोणत्या अटीवर, हे आधी लिखित ठरवा. चॅटम हाउस ही लंडनमधली संस्था १९२० साली स्थापन झाली. तिने १९२७मध्ये केलेला नियम जगभर वापरतात: ऐकलेली माहिती वापरायला हरकत नाही, पण ती कोणी सांगितली आणि तो कोणत्या संस्थेचा, हे उघड करायचं नाही. तो लागू असेल तर सभेच्या आरंभीच मोठ्याने सांगा. माझ्या काळात एका पाहुण्यांचं विधान नावासकट बाहेर गेलं. नियम लागू असल्याचं आम्ही फक्त ईमेलात लिहिलं होतं आणि सभागृहात निम्मे लोक ऐनवेळी आलेले होते. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

प्रश्न कोणाच्या तरी घरचा असतो

गटात युद्धग्रस्त भागातून आलेले विद्यार्थी असू शकतात. तुमच्यासाठी जो चर्चेचा विषय, तो त्यांच्यासाठी आईचा न लागलेला फोन असतो. अशा विषयाची बैठक असेल तर त्यांना आदल्या दिवशी कळवा. यायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, आणि 'तुमचा देश असं का करतो?' हा प्रश्न कोणालाही विचारू नका. कोणीही विद्यार्थी आपल्या सरकारचा प्रवक्ता नसतो. फोटो टाकण्याआधीही विचारा. काही जणांना चर्चेतला चेहरा किंवा वाक्य मायदेशी महागात पडू शकतं.

वेळ आणि खर्च

साधारण आठवड्याला तीन-चार तास धरा, परिषदेच्या आधीच्या पंधरवड्यात दुप्पट. परीक्षेचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच गटाला द्या. प्रवास आणि परिषदेचं शुल्क झेपत नसेल तर शरमू नका, आधी बोला. अनेक परिषदा शुल्कात सवलत देतात आणि विद्यापीठांकडेही निधी असतो, पण अर्जाची मुदत लवकर संपते. खर्चाबद्दल विचारायला लाज वाटावी असं वातावरण गटात असेल, तर ती गटाची उणीव आहे.

पद घेताना, आणि सोडताना

वर्षाअखेरीस निवडणूक होते. अध्यक्षपदापेक्षा पहिल्यांदा सचिव किंवा खजिनदार व्हा. गट कसा चालतो हे त्या दोन खुर्च्यांतून दिसतं. उमेदवारीच्या भाषणात दोनच कामं सांगा, पण ती वर्षात होण्यासारखी असू द्या.

विद्यार्थ्यांचे गट बहुतेक वेळा भांडणाने मरत नाहीत. जुनी मंडळी पदवी घेऊन जातात आणि सगळं त्यांच्या डोक्यात असतं, म्हणून मरतात. आमच्या गटात एकदा ईमेल खात्याचा पासवर्ड एकाच माणसाकडे होता आणि तो परदेशी गेला होता. परिषदांची सात वर्षांची पत्रं आम्हाला परत मिळाली नाहीत. त्यानंतर आम्ही एक वही सुरू केली, आणि पद मिळालं त्याच आठवड्यात तुम्हीही करा. त्यात खात्यांची यादी आणि ती कोणा दोघांकडे आहेत, सभागृह कसं आणि किती आधी मागायचं, कोणत्या परिषदेचा अर्ज कोणत्या महिन्यात उघडतो, कोणत्या पाहुण्यांना कधी बोलावलं आणि त्यांनी काय अट घातली, किती खर्च झाला, काय फसलं आणि का, हे लिहा. दर बैठकीनंतर दहा मिनिटं पुरतात. नवे पदाधिकारी निवडून आले की त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ बसा, वही पानापानाने वाचून दाखवा, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या टेबलाशी त्यांच्या शेजारी अर्धा तास उभे राहा.